अंबाड्यातला टेस्टर

वैतीबाईंच्या अंबाड्यात अबोलीची वेणी असे आणि वेणीच्या खाली टेस्टर. विजेचा. मुठीत इवलासा दिवा असलेला, वायरमनच्या खिशाला अडकवलेला असतो ना, तोच. इतर बायका आकडा खोचतात तितक्या सहज बाई टेस्टर खोचत. शाळेत, बाजारात, देवळात, हळदीकुंकवाला. एकदा आमच्या शाळेच्या शिपायाच्या मुलीचं लग्न होतं आणि नवरानवरीच्या मागे लावलेली दिव्यांची माळ लुकलुकत होती. ती तशी लुकलुकायचीच असते हे कुणी सांगायच्या आत बाईंनी अक्षता टाकल्या, अंबाड्यातून टेस्टर उपसला, खुर्चीवर चढल्या आणि माळ कायमची स्थिर करून खाली उतरल्या. मांडववाला तोंड उघडं टाकून बघत राहिला.

"लूज होतं," बाई त्याला म्हणाल्या. "आता नीट हाय."

मी सावंत. परळच्या ज्या शाळेत बाई शिकवायच्या त्याच शाळेत मी कारकून होतो. गेल्या मे महिन्यात निवृत्त झालो. मी कमी बोलणारा माणूस. माझी बायको म्हणते, याच्या तोंडातून वाक्य काढायचं तर आधी पाना शोधावा लागतो. बाईंबद्दल लिहायचं हे मी फार वर्षं टाळत आलो, कारण बाईंबद्दल खरं लिहायचं तर माझ्याबद्दलही खरं लिहावं लागणार. आता टाळायचं नाही असं ठरवलंय. पण सुरुवात बाईंपासूनच करतो. त्या माझ्यापेक्षा पुष्कळ गमतीदार आहेत.

हजेरीपटावर त्यांचा हुद्दा शिवण शिक्षिका असा होता. आमच्याकडे आठवीपासून व्यवसायाचा विषय असे. मुलांना टेक्निकल, मुलींना शिवण. टेक्निकलची कार्यशाळा तळमजल्यावर. तिथे लेथ, ड्रिल, विजेचे बोर्ड आणि माने मास्तर. शिवणाचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर. तिथे पायाने चालवायच्या सहा मशिनी आणि बाई. वरची मुलगी शिकायला खाली उतरली, असं शाळेत कधी घडलेलं नव्हतं.

बाई रुजू झाल्या त्या आठवड्यात मुली घरून चिटाचे तुकडे, कात्री, टेप घेऊन आल्या. बाईंनी ते सगळं पिशवीत परत घालायला लावलं आणि प्रत्येकीच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर दिला. मशीन सुटी करायची. पट्टा, चाक, शटल, बॉबिन, सगळं वर्तमानपत्रावर मांडायचं, रॉकेलने पुसायचं, तेल द्यायचं आणि पुन्हा जोडायचं. जोडून झाल्यावर एखादा स्क्रू उरला तर पहिल्यापासून. हे महिनाभर. कुणी म्हणाली, बाई, मशीन अडकतेय, की बाई मागे न बघता म्हणायच्या, "आधी खोल, मग बोल." हे वाक्य तिसऱ्या मजल्यावरून जिन्याने रोज इतक्या वेळा खाली यायचं, की आमचे मुख्याध्यापक विजयकर सर, गिरगावातल्या जुन्या घराण्यातले, मऊ आवाजाचे, पांढऱ्या पँटीला कधी डाग न पडलेले, तेसुद्धा एकदा कपाटाची किल्ली सापडेना तेव्हा स्वतःशी हेच पुटपुटले.

दुसऱ्या महिन्यात एक आई तक्रार घेऊन आली. लालबागच्या चाळीतली, तोंडाची फटकळ. पोरगी महिनाभर शिवण शिकतेय आणि अजून एक परकर शिवता येत नाही, ही शाळा आहे की भंगारवाल्याचं दुकान, असं तिने माझ्या टेबलासमोर उभं राहून विचारलं. मी बाईंना बोलावून घेतलं. बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "घरातली इस्त्री कोणी दुरुस्त केली?" इस्त्री त्या आईच्या पोरीनेच दुरुस्त केली होती. थोडा वेळ चुळबुळ करून तिने पिशवीत हात घातला आणि शेजारणीची इस्त्री काढून टेबलावर ठेवली. एवढी बघायला सांगाल का तिला, म्हणाली.

बाई वरळी कोळीवाड्यातल्या. आई मासे विकायची, वडिलांची होडी. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की इंजिनं खोलायची कामं निघत. बाईमाणसाने इंजिनाला हात लावायचा नाही, असं त्यांचे काका म्हणत. पण वडिलांना जवळचं दिसेना झालं होतं आणि मुलगा नव्हता, तेव्हा दार लावून घेऊन, घराच्या पडवीत, ही मुलगी वडिलांचे डोळे झाली. पुढे आईने टोपलीच्या जोरावर तिला शिवणाची पदविका घ्यायला लावली, कारण मुलींसाठी तेवढंच होतं. सकाळी आईची टोपली बाजारात पोचवून बाई तशाच शाळेत यायच्या. शिक्षकांच्या खोलीत कुणी नाकाला रुमाल लावला की म्हणायच्या, "या वासावर शिकलेय मी. तुमी अत्तरावर शिकलात काय?"

लग्न का केलं नाही, हेही त्यांना सगळे विचारत. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "एक आला होता. मशीनला तेल घालता येत नव्हतं."

मुलींनाही टेक्निकलची परीक्षा देता यावी असा अर्ज बाईंनी शाळेकडे केला. तो अर्ज माझ्या टेबलावर सहा महिने होता. त्यावर मीच 'विचाराधीन' असा शेरा मारला होता. माने मास्तरांचा विरोध होता. पोरींना शॉक बसला तर जबाबदार कोण, असं ते म्हणत. बाईंनी त्यांना जिन्यात गाठून विचारलं होतं, "आणि पोरांना बसला की काय गुदगुल्या होतात?"

मग शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले. एप्रिल महिना, सभागृह गच्च, साहेब भाषणाला उभे राहिले आणि पंखे थांबले. माईकही बंद. माने मास्तर आणि त्यांची मुलं बोर्डापाशी धावली, खाली-वर करू लागली, पण काही सापडेना. साहेब घामाघूम. तेवढ्यात विजयकर सरांना जिन्याच्या मधल्या वळणावर, फ्यूजच्या पेटीजवळ, वैतीबाई उभ्या दिसल्या. एका हातात फ्यूज, दुसऱ्या हातात तो अर्ज. मी तिथेच होतो, कारण अर्ज त्यांनी माझ्या टेबलावरून उचललेला पाहून मी त्यांच्या मागे आलो होतो.

"सर, सही करा," बाई म्हणाल्या. "मग हा बसवते."

विजयकर सर म्हणाले, "अहो बाई, ही काय वेळ आहे?"

"हीच हाय. उद्या पंखे चालू असतील."

सरांनी माझ्या पाठीवर कागद ठेवून सही केली. बाईंनी फ्यूज बसवला, पंखे फिरले, साहेबांनी भाषण पुढे चालू केलं. तो फ्यूज आपोआप गेला होता की कसं, हे मी तेव्हा विचारलं नाही. नंतरही नाही.

त्या वर्षी आठ मुली तळमजल्यावर आल्या. त्यांतल्या दोन लक्षात ठेवा. सुनंदा कांबळे, डिलाईल रोडच्या चाळीतली, गप्प, आणि हाताला यंत्राची अशी ओळख, की बाईसुद्धा कधीकधी तिलाच विचारत. आणि नसीम शेख, परळचीच, तोंडाने अखंड चालू, चूक झाली की आधी स्वतःच हसणारी. दोघींचे वडील गिरणीत. सुनंदाचे स्पिनिंगला, नसीमचे कापड विणायच्या साच्यावर.

आणि मग संप झाला.

त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलंय, मी आमच्या घरापुरतं सांगतो. आमचे बाबाही गिरणीत होते. सुरुवातीला ते रोज सकाळी डबा न घेता भोंग्याच्या वेळेला तयार होऊन बसायचे. नंतर तयार व्हायचंही सोडलं. लालबागच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत मी एकटा कमावता, चोवीस वर्षांचा. माझा धाकटा भाऊ विलास आमच्याच शाळेत टेक्निकलला होता. संप सुरू होऊन वर्ष उलटलं त्या उन्हाळ्यात तो दहावी झाला. बाई त्या दिवसांत शाळेतल्या प्रत्येक बापाला एकच सांगत फिरत होत्या, "तुमी घरी बसलात, आता घरातनं कुणीतरी बाहेर पडायला पायजे. पोरगी बाहेर पडली तर काय बिघडलं?" लोक ऐकून घ्यायचे आणि मागे म्हणायचे, पोरगे रिकामे बसलेत आणि हिला पोरींचं पडलंय.

निकाल लागला आणि शिवडीकडच्या एका पंख्याच्या कारखान्याचं पत्र आलं. शाळेने टेक्निकल उत्तीर्णांपैकी गुणांप्रमाणे पाच उमेदवारांचे अर्ज पाठवावेत, शिकाऊ म्हणून घेऊ, काम चांगलं असेल तर कायम करू. त्या दिवसांत असं पत्र म्हणजे काय, ते गिरणगावातल्या माणसाला समजावून सांगायला नको.

यादी मी केली. पहिली सुनंदा. दुसरी नसीम. मग तीन मुलगे. विलास सहावा.

बाईंनी दोघींचे अर्ज स्वतः भरून घेऊन माझ्याकडे आणून दिले. सुनंदाच्या अर्जावर पालकाच्या जागी तिच्या आईचा अंगठा होता, शाई जरा पसरलेला. नसीमच्या अर्जावर तिच्या वडिलांनी, लिहायची सवय नसलेल्या हाताने, मराठीत सही केली होती. बाई म्हणाल्या, "सावंता, हे दोन कागद जपून धाड." त्या मला सावंता म्हणायच्या.

घरी आई रोज विचारायची. "विलासाचा काय झाला रे? तुझ्याच हातात हा ना?" माझ्याच हातात होतं. बाबा फक्त माझ्याकडे बघायचे, आणि मी बघितलं की दुसरीकडे बघायचे.

शेवटच्या तारखेला, दुपारी, पाच अर्ज लिफाफ्यात घालताना मी सुनंदाचा आणि नसीमचा अर्ज बाजूला काढला आणि दाखल्यांच्या जुन्या वहीत ठेवून वही खणात टाकली. त्यांच्या जागी विलासचा आणि सातव्या मुलाचा अर्ज घातला.

आता मी इतकी वर्षं कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगतो. विलास सहावा होता. एकच अर्ज काढला असता तरी त्याचा नंबर लागला असता. मी दोन काढले. का, तर एक मुलगी गेली आणि एक राहिली, तर कुणीतरी विचारलं असतं, दुसरी कुठे? दोघी राहिल्या तर कुणी काही विचारणार नव्हतं. लोक म्हणणार होते, मुली नाही घेतल्या, त्यात काय. हे मला त्या दुपारी एका मिनिटात सुचलं. मी हुशार कारकून होतो.

विजयकर सरांनी पत्रावर सही करताना चष्म्याच्या वरून बघितलं. म्हणाले, "त्या दोघी?"

मी म्हणालो, "घरून परवानगी नाही, सर."

"साहजिक आहे," सर म्हणाले आणि सही केली.

संध्याकाळी बाई जिना उतरताना माझ्या खिडकीशी थांबल्या. गेले का अर्ज, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, गेले. ते खोटं नव्हतं म्हणा. पाच गेले होते.

विलास लागला. आईने गणपतीला नारळ फोडला. बाबा खूप दिवसांनी दाढी करून खाली नाक्यावर जाऊन आले.

महिन्याभराने विलास जेवताना हसत हसत सांगू लागला. आज म्हणे शाळेच्या वैतीबाई दोन पोरींना घेऊन कारखान्याच्या गेटवर आल्या होत्या. वॉचमन आत सोडेना. बाई म्हणाल्या, ठीक हाय, आमी बाहेर बसतो. गेटसमोर वर्तमानपत्र पसरलं आणि वॉचमनच्या केबिनमधला बंद पडलेला टेबलपंखा मागून घेतला. पंख्याच्या कारखान्यात वॉचमनचाच पंखा बंद, यावर आतले कामगार पोट धरून हसत होते. बाईंनी टेस्टर सुनंदाच्या हातात दिला. सुनंदाने मान वर न करता पंखा खोलला, नसीम एकेक भाग पुसत गर्दीला समजावून सांगू लागली, हे बुश झिजलंय, हे वाइंडिंग ठीक आहे. अर्ध्या तासात पंखा फिरला. वॉचमनने टाळी वाजवली. आतून मोठे साहेब आले, त्यांनी सगळं बघितलं आणि म्हणाले, बाई, काम चांगलं आहे पोरींचं. पण या नावांचे अर्जच आमच्याकडे आलेले नाहीत.

"बाईंचं तोंड बघायला पायजे होतंस," विलास म्हणाला. मी हात धुवायला उठलो.

दुसऱ्या दिवशी मी बाईंची वाट बघत बसलो. त्या ओरडतील, सरांकडे नेतील, सगळ्यांसमोर उभं करतील, असं वाटत होतं. खरं सांगतो, तसं व्हावं असंही वाटत होतं. बाई आल्या. मस्टरवर सही केली. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या टेबलावरच्या पंख्याकडे.

"सावंता, तुझा पंखा आवाज करतोय. दे इकडं."

पंखा घेऊन त्या तिसऱ्या मजल्यावर गेल्या. दुपारी परत आणून ठेवला. तो इतका शांत चालू लागला, की चालू आहे की बंद हे हात धरून बघावं लागे. त्या दिवसापासून बाईंनी एकही कागद माझ्या हातून बाहेर पाठवला नाही. मुलींचे सगळे अर्ज स्वतः न्यायच्या. परळच्या इस्पितळांत, टेलिफोनच्या कचेरीत, बेकऱ्यांत, छापखान्यांत. नाही म्हटलं की गेटवर बसायच्या आणि तिथलं काहीतरी बंद पडलेलं मागून घ्यायच्या. या शहरात बंद पडलेलं काही नाही असं ठिकाण नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एका साहेबाने सांगितलं, की बायकांसाठी वेगळी मोरी नाही म्हणून घेता येत नाही. बाई दुसऱ्या दिवशी गवंडी घेऊन हजर.

बाईंना माझा उद्योग कळलाय का, हे मला कळेना. कदाचित अर्ज पोस्टात हरवले असं त्यांना वाटलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. तिच्यावर मी तीस वर्षं झोपलो.

विलासचं काय झालं, ते विचाराल. चार महिन्यांत त्याने काम सोडलं. वार्निशच्या वासाने डोकं दुखतं म्हणाला. पुढे तो विम्याचा एजंट झाला, आता नवी मुंबईत त्याचा फ्लॅट आहे. नसीमला बाईंनी तीन वर्षांनी परळच्या एका मोठ्या इस्पितळात चिकटवलं. पुढे माझ्या आईला तिथे ठेवलं होतं तेव्हा वॉर्डातला दिवा गेला आणि नर्सने वायरमनला बोलवा म्हणून सांगितलं. आली ती नसीम. ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, टेस्टर वेणीत. मी वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं. ते उलटं होतं.

सुनंदाचे वडील संपाची आशा सोडून साताऱ्याकडे गावी गेले. नोकरी लागली असती तर ती इथे मावशीकडे राहणार होती, असं ठरलेलं होतं. नाही लागली. गावी गेली आणि दिवाळीनंतर तिचं लग्न झालं. सोळा वर्षांची होती.

निवृत्तीच्या दिवशी मी माझा खण रिकामा केला. जुन्या वहीत ते दोन अर्ज तसेच होते. शाईचा अंगठा तपकिरी झाला होता. मी ते प्लास्टिकच्या पिशवीत घातले, दोन महिने घरात इकडून तिकडे ठेवले आणि गेल्या रविवारी उठून वरळीला गेलो.

कोळीवाड्यात बाईंचं घर विचारावं लागलं नाही. बोंबील सुकवायच्या, पावसाळ्यात रिकाम्या असलेल्या वाशांपलीकडे एकाच दाराला घंटीची दोन बटणं होती. वरचं 'घर', खालचं 'दुरुस्ती'. मी बराच वेळ विचार करून खालचं दाबलं.

बाई आता पंच्याहत्तरीच्या. अंबाडा चिमूटभर राहिलाय, पण वेणी होती आणि टेस्टर होता. घरात उकडत होतं. डोक्यावरचा पंखा बंद. मला आत घेऊन त्यांनी पुठ्ठा दिला वारा घ्यायला. मी पिशवी पुढे केली. काय बोलायचं ते बसमध्ये पाठ केलं होतं, ते एकही आठवेना. म्हणालो, "बाई, हे मी ठेवले होते."

त्यांनी चष्मा लावला, कागद बघितले, परत पिशवीत घातले.

"ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "सरांना विचारलं तवाच. ते बोलले, घरून परवानगी नाय. आता नसीमच्या बापानं माझ्यासमोर सही केलेली. मग हे सरांना सांगितलं कोणी?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुझा बाप बसलेला. तू एकटा कमावता. बोलले असते तर तू पण बसला असतास. आणखी एक घर बसवून माझ्या पोरींना काय मिळालं असतं?"

माझे डोळे भरून आले. म्हटलं, बाई, तुम्ही मला माफ केलंत. माझा पंखासुद्धा दुरुस्त करून दिलात.

बाई एकदम ताठ झाल्या. "पंखा दुरुस्त केला. माफ नाय केलं. ती दोन येगळी कामं हायत." पिशवी त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली. "आणि हे कागद माझे नायत. थांब. नसीम येतेय पंखा बघायला."

पळून जावं असं वाटलं. पण बाईंनी दारातच पाट टाकून बसकण मारली होती.

नसीम आली. इस्पितळात तिला आता तीस वर्षं झालीत, केस पांढरे, बोलणं तसंच. अरे सावंत सर, तुम्ही इकडे कुठे, म्हणाली. बाईंनी कोपऱ्यातलं स्टूल दाखवलं. "हा धरेल स्टूल. तू चढ. आणि सावंता, तू बोल."

तर असं मी स्टूल धरून, मान वर करून, नसीमच्या चपलांशी उभा राहून सांगितलं. सगळं. विलास सहावा होता, तेही. एक पुरे होता आणि मी दोन काढले, तेही. वर पंख्याच्या वाटीत तिचा हात थांबला.

"सुनंदाचा पण?" तिने विचारलं.

"हो."

"तिला वाटतं ती नापास झाली होती त्यांच्याकडे. अर्ज आले नाहीत हा नुसता बहाणा, काम बघूनच नाही घेतलं, असं वाटतं तिला. अजून."

मग वरूनच आवाज आला, "स्टूल हलतंय. नीट धरा."

मी दोन्ही हातांनी धरलं. तिने काम संपवलं, खाली उतरली, बटण दाबलं, पंखा फिरला. मग माझ्या काखेतली पिशवी घेऊन तिने तिचा अर्ज काढला. वडिलांच्या सहीवर अंगठा ठेवून ती थोडा वेळ बघत राहिली. घडी करून पर्समध्ये ठेवला. सुनंदाचा अर्ज तिने मला परत दिला.

"हा तुम्ही नेऊन द्यायचा. पोस्टाने नाही."

बाईंनी पत्ता आधीच लिहून ठेवला होता. उद्या सकाळच्या एसटीने मी निघतो आहे. सुनंदा काय म्हणेल, मला माहीत नाही. गावात ती पंपाच्या मोटारी दुरुस्त करते, असं बाई म्हणाल्या. तीन गावं तिच्याकडे येतात. कुणी शिकवलं म्हणून विचारलं तर शाळेचं नाव सांगते.

त्या रविवारी निघताना बाई दारापर्यंत आल्या. "सुनंदाला भेटून आलास की ये इकडं. मिक्सर बिघडलेला असेल."

बाईंचं वय झालं, असं मला वाटलं. बिघडणार हे आधी कसं कळेल? नसीम माझ्याबरोबरच निघाली होती. काहीतरी बोलावं म्हणून मी विचारलं, पंख्याला काय झालं होतं?

"काही नाही," नसीम म्हणाली. "बाईच वायर सोडून ठेवतात. या महिन्यात पंखा माझ्याकडे. इस्त्री लतासाठी असते, ट्यूब मेरीसाठी. आम्ही बाईंच्या हाताखाली शिकलेल्या बारा-तेरा जणी आहोत, पाळीपाळीने काहीतरी बिघडतं." मग चालता चालता म्हणाली, "आम्ही कुणी काही बोलत नाही. येतो, खोलतो, चहा पितो."

मी मागे वळून बघितलं. बाई खिडकीशी उभ्या होत्या. हात अंबाड्याकडे गेलेला, नजर वर, गरगरत्या पंख्याकडे. आता हा आणखी किती दिवस चालू ठेवायचा, ते ठरवत असाव्यात तशा.